परदेशात इंग्रजी शिकवायचे आहे, पण मातृभाषा मराठी

रंकाळाकाठ: नमस्कार. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम. ए. आणि पुढे बी. एड. केले आहे. सध्या कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. सुट्टी लागली की मानधन थांबते. येथील एका एजंटाचे म्हणणे असे, की इंग्रजी परभाषा म्हणून शिकवण्याचा १२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स केला की दक्षिण कोरिया किंवा जपानमध्ये नोकरी नक्की. यात कितपत तथ्य आहे? नसल्यास कोणत्या देशाचा विचार करावा?

मस्कतकर: ताई, आधी त्या एजंटाला पैसे देऊ नका. कोरियातील खासगी अकादम्यांत इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांनाच मिळतो. तुमचे इंग्रजी कसे आहे हा प्रश्न तिथे पासपोर्ट पाहिल्यानंतरचा. जपानी शाळांत शिकवण्याच्या ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसासाठी १२ वर्षांचे शिक्षण त्याच भाषेच्या माध्यमातून झालेले असावे लागते, म्हणजे तुमची मराठी माध्यमाची शाळा तिथे आडवी येणार.

तुमचे खरे भांडवल बी. एड. आहे. आखातातील सीबीएसईच्या भारतीय शाळांत बहुतेक शिक्षकवर्ग भारतीयच असतो आणि तिथे उच्चारांवरून कोणी अडवत नाही. पगार मात्र ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा बराच कमी, हे धरूनच या. ओमानसाठी पदवीवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी दाखला) चालते; संयुक्त अरब अमिराती अपोस्टिलच्या हेग करारात नसल्याने त्यांच्या दूतावासाचे साक्षांकन लागते.

थायलंडहून: वरील मताशी सहमत आहे, तरी पूर्वेकडची सगळीच दारे बंद नाहीत. थायलंडमधील शाळा पदवीसोबत आयईएल्टीएस किंवा टोइक या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मागतात आणि फिलिपिनो शिक्षकांना तर सर्रास घेतात. टेसोल या शिक्षकसंघटनेने २००६ साली मातृभाषा इंग्रजी नसलेल्या शिक्षकांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध निवेदन काढले, पण जाहिरातींतला ‘नेटिव्ह’ (मातृभाषा इंग्रजी असलेला) हा शब्द काही गेला नाही. पगारातही फरक पडतो. जमल्यास सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा, कारण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे ६ तास शिकवून दाखवावे लागते. डेमो तासाला ‘आय सॉ’ आणि ‘आय हॅव सीन’ यांतला फरक विचारला, तर ज्याने हे व्याकरण स्वतः घोकले आहे तो गडबडत नाही, असा माझा अनुभव आहे.

रंकाळाकाठ: आभारी आहे. एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर चला, बाकीचे कागद तिकडे करू.

मस्कतकर: मग विषयच संपला. टुरिस्ट व्हिसावर नोकरी करणे बेकायदा असते आणि पकडले गेल्यास भोगावे तुम्हालाच लागते. त्याचा परवाना क्रमांक मागून भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पडताळा. नोंद नसेल तर मूळ प्रमाणपत्रे एक दिवसही त्याच्याकडे ठेवू नका. इथल्या भारतीय शाळांचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे अपोस्टिलचे काम दिवाळीनंतर लगेच हाती घ्या.