स्प्रेने विरघळलेला बुरूज

टेबलावर पुतळ्यांनी खेळायच्या ड्रॅगन-किल्ल्याच्या खेळासाठी तुम्ही फोमचा छोटा बुरूज केलात आणि स्प्रे रंग मारल्यावर त्याला खड्डे पडले, यात रंगाच्या ब्रँडचा दोष नाही. कॅनमधलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं द्रव) आणि वायू दोन्ही थर्माकोल खातात, एक्सपीएस (दाणे नसलेल्या घट्ट फोमची) शीटसुद्धा. आधी फेविकॉल आणि काळा अ‍ॅक्रिलिक रंग समसमान घेऊन ब्रशने दोन हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. विटांच्या फटीत ब्रश टोचून टोचून भरायचा. टाचणीएवढी जागा उघडी राहिली तरी स्प्रे तिथूनच आत शिरतो. खरं तर हा थर दिल्यावर स्प्रेची गरजच उरत नाही. पोस्टर कलर मात्र नको, पुढच्या ओल्या हाताला तो परत सुटतो.

दगडाचा पोत आणायला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा फोमवर दाबत फिरवा, पण विटांच्या रेषा बॉलपेनने कोरून झाल्यावर आणि रंगाच्या आधी. खेळातल्या २८ मिमी उंचीच्या पुतळ्यांना साधारण १ सेमी लांब, अर्धा सेमी उंच वीट शोभते. हे सगळं एक्सपीएसवरच नीट उमटतं. पॅकिंगच्या थर्माकोलचे दाणे सुटतात.

कापताना फोम फाटत असेल तर कटरचं पातं बोथट झालंय. टोक मोडून नवी धार घ्या आणि आडवं धरून ओढत कापा, वरून दाबू नका.

जमिनीसाठी वापरलेली चहापत्ती झकास. दूध-साखर जाईपर्यंत धुवून कडकडीत वाळवा, नाहीतर बुरशी धरते आणि ड्रॅगनआधी मुंग्याच किल्ला जिंकतात.