‘स्कर्ट’ला झालर म्हणावं का?

चिठ्ठीवाला: यवतमाळकडच्या एका गावच्या शाळेत फॉर्म्युला वनच्या जुन्या-नव्या गाड्यांची पुठ्ठ्याची मॉडेलं मांडायची आहेत. भागांना मराठी चिठ्ठ्या करतोय. ‘स्कर्ट’ला ‘झालर’ चालेल? ‘प्लँक’ला ‘फळी’ लिहून झालं, तर आता डॅशबोर्डलाही ‘फळी’च सुचवताहेत.

फिटर: झालर नको. झालर हलली तरी काही बिघडत नाही. स्कर्टचं काम फट बुजवायचं. १९७७ च्या लोटस ७८ मध्ये बाजूच्या पेट्यांचा तळ विमानाच्या उलट्या पंखासारखा होता. खालून हवा जोरात पळते, दाब उतरतो, गाडी रस्त्याला चिकटते. बाजूनं हवा शिरली की मुसळ केरात. म्हणून काठाला आधी ब्रश, मग वरखाली सरकणाऱ्या ताठ पट्ट्या लावल्या. पट्टी वरच अडकली तर भर वळणावर पकड सुटते. १९८१ मध्ये या सरकत्या पट्ट्यांवर बंदी आली.

बंडीवाला: मंग ‘तट्टा’ म्हना न भाऊ! कापसाच्या बंडीले उभाऱ्यायच्या आतून लावतेत, थो काय शोभेसाठी?

फिटर: तट्टा आतला माल बाहेर जाऊ देत नाही, स्कर्ट बाहेरची हवा आत येऊ देत नाही. उलटं काम.

बंडीवाला: अडवते तर दोनी.

शब्दसाधक: ‘रोधपट्टी’ घ्या. डिफ्यूजरला ‘विसारक’. घडवलेला शब्द वापरला की रुळतो.

फिटर: सर, विसरण म्हटलं की पोरांना खोलीत पसरणारा अगरबत्तीचा वास आठवतो. इथं तळ मागं वर चढत जातो, वाट रुंदावते, हवा मंदावते आणि दाब हळूहळू बाहेरच्याइतका होतो. चढ फार उभा केला तर हवा तळाला सोडते, ओढ संपते. तिफणीचं चाडं आडवं पाडा, अरुंद तोंड पुढं. झाला डिफ्यूजर.

शब्दसाधक: म्हणजे ‘चाडं’ लिहायचं? पुण्याचा माणूस काय समजेल?

बंडीवाला: शाळा पुण्यात हाय काय?

कासरा: फळीचं सांगतो. डॅशबोर्ड ही मुळात घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवायची गाडीपुढची फळी. इथं चिखलही नाही, फळीही नाही. आकडे स्टीअरिंगवरच्या पडद्यावर, २०१४ पासून ४.३ इंची, वर गिअर बदलायची खूण देणारी दिव्यांची रांग. तेव्हा ‘पडदा’. ‘फळी’ प्लँकलाच ठेवा. ती १९९४ पासून तळाला असते, नवी १० मिलिमीटर जाड, १ मिलिमीटर झिजायची सूट. अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शर्यतीत २०२३ मध्ये हॅमिल्टन आणि लक्लेर हे दोघे चालक त्याच झिजेपायी बाद झाले.

शब्दसाधक: पडद्यावरच्या ‘डेल्टा’चं काय? ‘फरक’ म्हटलं तर −०.३ म्हणजे मागं पडला असं पोरं वाचतील. खरं तर तो आधीच्या फेरीपेक्षा ०.३ सेकंद पुढं असतो.

बंडीवाला: शंकरपट पाह्यलेल्या पोराले हे शिकवा लागते काय? ज्याचे सेकंद कमी, थो जोडी पयली.

कासरा: ‘तो’ नाही, ‘ती’ जोडी.

बंडीवाला: बैलाची जोडी हाय, गुरुजी.

चिठ्ठीवाला: डेल्टा मी विचारलाच नव्हता. स्कर्टचं काय ते सांगा, चिठ्ठी जेमतेम दोन इंचांची आहे.

बंडीवाला: दोन इंचात ‘तट्टा’ बसते.