व्हिक्टोरियन जोडघराच्या मधोमध आंधळी खिडकी कशासाठी?

उत्तर_लंडनकर
नमस्कार मंडळी, १८४० च्या आसपासच्या एका सेमी-डिटॅच्ड व्हिलाचा, म्हणजे मधली भिंत सामाईक असलेल्या दोन घरांपैकी एकाचा, वरचा मजला आम्ही भाड्याने घेतलाय. समोरून बघितलं तर एकच मोठा बंगला वाटतो आणि दार शोधायला गेलं तर समोर दारच नाही, दोन्ही घरांची दारं पार दोन टोकांना, जरा आत सरकवलेली. वरती बरोब्बर मधोमध एक खिडकी आहे, चौकट बिवकट सगळं व्यवस्थित पण काचच नाही, नुसता गिलावा. शेजारच्या आजी म्हणतात विंडो टॅक्स, म्हणजे खिडक्यांच्या संख्येवरचा जुना कर, वाचवायला बुजवली. खरंय का हे? आणि तिच्याभोवती ओल येऊन पोपडे निघतायत, घरमालकांनी दोनदा रंगवलं तरी तेच.

वळचण
विंडो टॅक्स होता हे खरंच, १६९६ ते १८५१, आणि त्यापायी काही खिडक्या बुजवल्याही गेल्या. पण तुमच्या खिडकीमागे काय आहे ते बघा ना, बहुतेक दोन घरांमधली सामाईक भिंत निघेल! म्हणजे ती कधी उघडायची नव्हतीच, खिडक्यांची रांग मध्येच तुटू नये म्हणून काढलेली. मला या घरांचं हेच फार आवडतं. मध्यमवर्गाला बंगल्याचा रुबाब हवा होता पण तेवढी जमीन आणि पैसा नव्हता, मग दोन घरं एका भिंतीला टेकवून एकाच छपराखाली घ्यायची, दारं बाजूला न्यायची, की रस्त्यावरून एकच ऐसपैस घर दिसतं. लाउडन या बागशास्त्रज्ञाने १८२३ ते २५ च्या दरम्यान लंडनमध्येच बेझवॉटरला पोर्चेस्टर टेरेसवर स्वतःसाठी असंच जोडघर बांधलं, आणि मधोमध काचेचा घुमट असलेलं काचघर! क्लर्कनवेलच्या लॉइड बेकर इस्टेटमध्ये एकदा जाऊनच या, तिथे दोन घरांवर मिळून एकच त्रिकोणी माथा आहे.

चुनखडी
ओलीबद्दल लिहितो कारण आम्ही यात पोळलोय. या भिंती चुन्यात बांधलेल्या, आत आलेलं पाणी बाहेर सोडतात. आमच्याकडे एका कंत्राटदाराने जुना गिलावा खरवडून सिमेंटचा लावला आणि वर प्लॅस्टिकसारखा रंग, दोन हिवाळ्यांत आतली भिंत काळी पडली. सगळं काढून परत चुन्याचा लावावा लागला, दर थराला वाळायला वेळ द्यावा लागतो, घाई चालत नाही. तुम्ही आधी वरची पन्हळ बघा, दोन्ही घरांची एकच असेल आणि शेजारच्या बाजूला तुंबली असेल तर पाणी तुमच्याकडे येणार.

रविवारची_भटकंती
वळचण, एक भर घालतो, ही कल्पना व्हिक्टोरिया राणीच्या काळाआधीची आहे. सेंट जॉन्स वूडच्या आयर इस्टेटच्या १७९४ च्या आराखड्यातच जोडघरं दाखवलीयत. नंतर १८४५ मध्ये काचेवरचा कर गेला आणि १८५० मध्ये विटांवरचा, मग मोठ्या काचा परवडायला लागल्या. म्हणून खिडकीत बारीक बारीक तावदानं आहेत की मोठ्या काचा, तेवढ्यावरूनही घर केव्हाचं याचा थोडा अंदाज येतो, अर्थात मधे कोणी खिडक्या बदलल्या नसतील तर.

उत्तर_लंडनकर
वळचण, आज टेप घेऊन मोजलं. माझ्या खिडकीच्या कडेपासून सामाईक भिंत आतून चार फूट, आणि बाहेरून तेवढंच अंतर मोजलं तर आंधळ्या खिडकीचा बरोब्बर मध्य! आजींना दाखवलं, त्या बराच वेळ वर बघत उभ्या होत्या. आणि चुनखडी, पन्हळ खरंच तुंबलीय, आजींच्याच बाजूला, पानांनी गच्च भरलेली. शनिवारी शिडीवाल्याला बोलावलंय.