फॅक्टर ७० टक्के आला म्हणून निर्धास्त राहू नका

मामाला हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) आहे, पण बहिणीच्या रक्तात फॅक्टर ८ (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) ७० टक्के आला, म्हणजे ती वाहक नाही, तिच्यात आजाराचं सदोष जनुक नाही, असं काही जण धरून चालतात. कृपया एवढ्यावर थांबू नका. फॅक्टर ८ चं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र चालू असतं. कुठलं, हे नशिबावर. त्यामुळे वाहक स्त्रीचा फॅक्टरही नॉर्मल येऊ शकतो. गरोदरपणात तर तो आपसूक वाढतो, तेव्हाचा आकडा आणखी फसवा.

खात्री जनुक तपासणीनेच होते. आधी मामाचं रक्त द्या. त्यांच्यातला दोष सापडला की बहिणीत नेमका तोच शोधता येतो. आजार तीव्र असेल तर प्रयोगशाळा सहसा इंट्रॉन २२ इन्व्हर्जनपासून (फॅक्टर ८ च्या जनुकाचा एक तुकडा उलटा बसण्याचा दोष) सुरुवात करते, कारण तीव्र रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत तोच असतो. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएच या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) रक्तविषयक संस्थेत हे काम होतं.

हे लग्नाआधी किंवा निदान दिवस राहण्याआधी करा. गर्भाची तपासणी करायची झाली तर ती ११-१२ आठवड्यांच्या सुमारास होते, आणि तेव्हा मामांचा रिपोर्ट हातात नसेल तर फार धावपळ होते.

आणि हो, बहिणीला पाळीत खूप रक्तस्राव होतो का, दात काढल्यावर रक्त थांबत नाही का, हेही विचारा. वाहक बायकांचा हा त्रास घरात कुणी मनावरच घेत नाही.