मदत हवी आहे: फ्रीमेसन लॉजचा अर्ज अडकलाय

शनवारातला: फ्रीमेसन या बंधुसंघाच्या लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, सदस्य व्हायला अर्ज दिलाय. सूचक आहे, अनुमोदक आहे, लॉजचे तिघे घरी येऊन बोलूनही गेले. आता म्हणतात मतदान पुढच्या सभेला बघू. एवढा वेळ कशाला लागतो? जाणकारांनीच लिहा.

गिरगावकर: वय? २१ पूर्ण लागतं. गाव कोणतं? लॉज ग्रँड लॉज ऑफ इंडियाची का, म्हणजे इथल्या लॉजांच्या मुख्य संस्थेची? ती १९६१ची, पण काही लॉज अजून इंग्लंड-स्कॉटलंडच्या सनदेवर आहेत.

खवचट_खोपकर: रोटरीत जा. जेवण मिळतं, शपथबिपथ नाही.

गिरगावकर: रोटरीचं विचारलंय का त्याने? शनवारातले, अर्जात काही कोरं सोडलंत का?

शनवारातला: पुणे, ३४, ग्रँड लॉज ऑफ इंडियाच. ‘परमेश्वरावर श्रद्धा आहे का’ तेवढं सोडलं. मी देवबिव मानत नाही. त्याने काय बिघडतं?

निळी_शाई: हे आधी सांगायचं ना राव! कोणता देव, हे कोणी विचारत नाही. पण परमशक्तीच मानत नसाल तर दार बंद. दीक्षेत शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घेतात. गीता, कुराण, बायबल, अवेस्ता सगळे मांडलेले असतात. तुम्ही हात कशावर ठेवणार?

पॅरिसप्रेमी: फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने, म्हणजे तिथल्या फ्रीमेसन संस्थेने, ही अट १८७७ मध्येच काढली. तिकडे अर्ज करा.

गिरगावकर: आणि पुण्यात बसणार कुठे? इथली ग्रँड लॉज त्यांना मानत नाही, त्यांच्या सदस्याला इथल्या सभेत प्रवेश नाही. उगाच फाटे फोडू नका.
शनवारातले, ‘हो’ लिहून वेळ मारून नेऊ नका. आजच सूचकाला खरं सांगा, म्हणजे मतदानाआधी अर्ज मागे घेता येईल. मत गुप्त असतं: पेटीत हात घालून पांढरा किंवा काळा गोळा टाकायचा. इंग्लिश पद्धतीत तीन काळे पडले की नकार. पोटनियमात असेल तर एकही पुरतो. कोणी टाकला ते कळत नाही, आणि पुढे दुसरीकडे अर्ज करताना तो नकार लपवता येत नाही.

खवचट_खोपकर: वर प्रवेश फी, वर्षाची वर्गणी, काळा सूट, पांढरे हातमोजे. घरी विचारलंय का?

शनवारातला: घरचं राहू द्या. ‘निसर्गनियम मानतो’ असं लिहिलं तर?

निळी_शाई: शब्दांचे खेळ नकोत. जे मानता ते त्या तिघांना तोंडी सांगा, ठरवू दे त्यांना.

सुमन_ताई: बायकांना घेतात का?

गिरगावकर: या लॉजमध्ये नाही.