दहावीनंतरच्या सुट्टीत मुलीसह दक्षिण आफ्रिका: मार्ग, ऋतू आणि कागदपत्रे यांविषयी मदत हवी आहे

नमस्कार.

माझी मुलगी यंदा दहावीची परीक्षा देत आहे. निकाल आणि अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू होण्यापूर्वी, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत, आम्ही तिघे दक्षिण आफ्रिकेला जाण्याचा विचार करत आहोत. जोहान्सबर्ग, क्रूगर राष्ट्रीय उद्यान आणि केप टाउन एवढे नक्की आहे. उरलेल्या दिवसांत गार्डन रूटने किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने जावे, की विमानाने व्हिक्टोरिया धबधबा गाठावा, यावर मात्र घरात एकमत होत नाही. ज्यांनी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना घेऊन हा प्रवास केला आहे, त्यांच्याकडून मार्गदर्शन हवे आहे.

आधी क्रूगरविषयी. उद्यान सुमारे २०,००० चौरस किलोमीटरचे असून तिथे आपली गाडी आपणच चालवता येते, हे माझ्या यजमानांना सर्वांत जास्त भावले आहे. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात, वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर आहे, आणि कॅम्पचे फाटक बंद होण्याआधी आत पोहोचले की झाले. अडचण अशी की ठरवून दिलेल्या जागा सोडल्या, तर गाडीतून खाली उतरण्यास सक्त मनाई आहे. ताडोब्यात जिप्सीत बसून धूळ खाल्ल्यानंतर आमच्या कन्येने स्वच्छ सांगितले आहे, की पुन्हा दिवसभर गाडीत बसून झुडपांकडेच बघायचे असेल तर मी आजीकडे राहते. तिला प्राणी आवडत नाहीत असे अजिबात नाही. तिला बसून राहणे आवडत नाही, आणि या वयात ते मला गैरही वाटत नाही.

त्यावर उपाय म्हणून तिथल्या पायी सफरीची माहिती मी काढली. स्कुकुझा, लोअर साबी, साटारा अशा कॅम्पांतून पहाटे बंदूकधारी वाटाड्यांबरोबर छोट्या गटाला जंगलात चालत नेतात आणि त्यासाठी किमान वय १२ वर्षे आहे, म्हणजे मुलीला अडचण नाही. सिंहाच्या मागे धावण्यापेक्षा ठसे, विष्ठा, वारुळे, झाडांच्या सालीवर हत्तीने केलेल्या खुणा हे वाचायला शिकवण्यावर या सफरीत भर असतो असे दिसते. मला तर गाडीच्या सफरीपेक्षा हेच अधिक मोलाचे वाटते. परंतु पावसाळा नुकताच सरलेला असताना, म्हणजे एप्रिलअखेर, गवत अजून उंच असते; अशा वेळी पायी जाण्यात अर्थ आहे का? ही सफर इथूनच आरक्षित करावी लागते, की कॅम्पवर पोहोचल्यावरही जागा मिळते? साबी सँडसारख्या खासगी अभयारण्यांचे दर पाहून तो पर्याय आम्ही मिटवला आहे.

दुसरा पेच व्हिक्टोरिया धबधब्याचा. सुमारे १,७०० मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच अशा या धबधब्याला एप्रिल-मे या काळात झांबेझी नदीचे सर्वाधिक पाणी असते, आणि त्यामुळे उडणाऱ्या तुषारांच्या दाट पडद्याआड समोरचा कडाच दिसेनासा होतो असे वाचले. मुलीला तिथे ओढ आहे ती मात्र धबधब्याच्या अगदी काठावरच्या डेव्हिल्स पूलमध्ये उतरण्याची. तो झांबियाच्या बाजूला, लिव्हिंग्स्टन बेटावर आहे आणि पाणी ओसरल्यावर, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतच, तिथे जाता येते. घळीतल्या राफ्टिंगचीही मोठ्या पाण्यात तीच गत. म्हणजे जिच्यासाठी जायचे, तिला काठावरून भिजून परत यावे लागणार. केवळ तेवढ्यासाठी आणखी एका देशाचा व्हिसा आणि विमानाचे तिकीट काढणे शहाणपणाचे आहे का, की तो जलौघ पाहणे हाच स्वतंत्र अनुभव आहे? मेमध्ये गेलेल्यांनी प्रामाणिक मत द्यावे. सहल दिवाळीच्या सुट्टीवर ढकलली तर डेव्हिल्स पूल उघडा असेल आणि क्रूगरमध्ये गवतही विरळ असेल, पण तेव्हा तिकडे कडक उन्हाळा असतो आणि अकरावीच्या सुट्टीचा भरवसा नाही.

हे सर्व तिला समजावून सांगितल्यावर तिने तत्काळ गार्डन रूटच्या बाजूने मत दिले. कारण समुद्रकिनारा नव्हे, तर ब्लूक्रान्स पुलावरची २१६ मीटरची बंजी उडी! किमान वयाची अट १४ वर्षांची निघाल्याने नियमाकडूनही मला मदत मिळालेली नाही. पालकांची सही लागते, एवढाच काय तो दिलासा. कोणाच्या मुलांनी ही उडी मारली असल्यास तिथली व्यवस्था कशी वाटली, हे कृपया सविस्तर लिहावे.

जोहान्सबर्गमध्ये सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीसाठी एक पूर्ण दिवस ठेवला आहे. १६ जून १९७६ रोजी आफ्रिकान्स भाषेच्या माध्यमाच्या सक्तीविरुद्ध तिथली शाळकरी मुले रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला; त्यात मारल्या गेलेल्या हेक्टर पीटरसन या मुलाचे स्मारक तिने त्या मुलांच्या वयाची असतानाच पाहावे, असे मला मनापासून वाटते. गांधीजींना जिथे गाडीतून उतरवले ते पीटरमॅरिट्सबर्गचे रेल्वे स्थानक वाकडी वाट असल्याने वगळले असून त्याऐवजी, गांधीजी आणि मंडेला दोघांनाही जिथे कैदेत ठेवले होते, ते कॉन्स्टिट्यूशन हिल पाहणार आहोत. सोवेटोत स्थानिक वाटाड्या घ्यावा, हे योग्य ना?

आता कागदपत्रे. यजमानांना रजेच्या अडचणीमुळे काही दिवस उशिरा यावे लागेल, त्यामुळे मी आणि मुलगी आधी पोहोचू. अल्पवयीन मुलासोबत एकच पालक असल्यास दुसऱ्या पालकाचे संमतीपत्र आणि आई-वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला लागतो, हे ठाऊक आहे. प्रश्न असा, की दाखल्यावर माझे नाव माहेरचे आहे आणि पासपोर्टवर सासरचे. एका यात्रा कंपनीने विवाह नोंदणीचा दाखला जोडल्यास पुरे म्हणून सांगितले, तर दुसरीने वेगळे प्रतिज्ञापत्र मागितले. ज्यांच्या नावांत असाच फरक होता, त्यांनी नेमके काय जोडले?

आम्हाला परवडणारी तिकिटे आदिस अबाबामार्गे आहेत. तिथे १२ तासांहून अधिक थांबा झाल्यास दक्षिण आफ्रिकेत पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र मागतात, म्हणून कमी थांब्याचे विमान पाहत आहोत; तरीही लस घेऊन ठेवलेली बरी का? मलेरियाच्या गोळ्यांचे डॉक्टरांना विचारूच, परंतु मलेरियाचा धोका नसलेल्या पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यानात जाऊन कोणी क्रूगर टाळले असल्यास तो अनुभवही ऐकायला आवडेल.

मी शाकाहारी आहे. क्रूगरमध्ये स्वयंपाकघर असलेल्या झोपड्या मिळतात, तेव्हा खिचडीपुरती सोय होईल, आणि तिथले प्लग आपल्या गिझरच्या जाड तीन पिनांच्या प्लगसारखेच असल्याचे समजल्याने छोटा कुकर नेण्याचा मोह होतो आहे.

कॅम्पमधील निवास या महिनाअखेरपर्यंत नक्की करायचा आहे, त्यामुळे क्रूगर आणि पायी सफरीविषयीची उत्तरे आधी मिळाल्यास फार मदत होईल. बाकीच्यासाठी थोडा अवधी आहे.