अनुभव धागा : अठराव्या होलपर्यंत स्विंग टिकतो का ओ तुमचा?

धागाकर्ता : नमस्कार मंडळी. सोलापुरात राहून गोल्फ खेळणारे आपण मोजकेच, त्यातही बरेचसे पुण्याला जाऊन खेळणारे, त्यामुळं रोज रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जाऊन बादलीभर बॉल मारा हा युट्यूबवाला सल्ला आपल्या काय कामाचा नाही. पहिले नऊ होल झकास जातात आणि बाराव्या-तेराव्यापासून तोच क्लब (मारायची काठी), तोच माणूस, बॉल मात्र झाडीत. अठरा होल चालत खेळायचे म्हणजे चार-साडेचार तास, आठ-दहा किलोमीटर, आणि स्विंग, म्हणजे क्लब मागं नेऊन बॉलवर आणणं, बघाल तर जेमतेम दीड सेकंदाचा. तो शेवटपर्यंत तसाच राहावा म्हणून कोण काय करतं ते लिहा. थिअरी नको, स्वतःचं सांगा.

पूर्वभागवाला : आमच्या घरात टॉवेलचे माग, त्यामुळं ठोका कानात बसलेला, मागाचा ठोका चुकला की न बघता कळतं तसंच माझं स्विंगचं आहे. मी मोजतो, ते पण तेलुगूत. क्लब वर नेताना ओकटी-रेंडू-मूडू आणि बॉलवर नालुगू. मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ फ्रेम मोजून बघा, बॅकस्विंगचा (क्लब वर नेण्याचा) वेळ डाउनस्विंगच्या (खाली आणण्याच्या) साधारण तिप्पट निघतो, मग स्विंग संथ असो नाहीतर फास्ट. दमल्यावर आपण काय करतो, वर पोचायच्या आधीच खाली यायला लागतो, मूडू म्हणायच्या आधीच नालुगू. बरोबरचे हसतात, काय मंत्र म्हणतो बे म्हणून. हसू देत.

होटगीरोड : मालक, आपला स्विंग पहिल्या टीवर (होल सुरू होतो त्या जागेवर) नाही, टेंभुर्णीच्या आसपासच बिघडतो. पहाटे तीनला निघायचं, मोहोळ, इंदापूर, भिगवण करत अडीचशे किलोमीटर गाडी हाणायची आणि उतरून डायरेक्ट ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, उचलायचा, कंबर फिरणार कशी? हल्ली आदल्या दिवशी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जातो, रात्री आत्याकडं झोपतो, फरक शेवटच्या पाच-सहा होलला दिसतो. आणि मध्ये वडापाव बंद. नवव्यानंतर भरपेट खाल्लं की दहावा टी लई जड जातो. शेंगापोळी नेतो, कागदात गुंडाळून बॅगेच्या खिशात, तीन-चार होलला एक तुकडा. खराब होत नाही, पोट भरल्यासारखं पण होत नाही.

फिजिओताई : होटगीरोड भाऊंचं कंबरेचं बरोबर आहे. तासन् तास बसून खुब्याचे स्नायू आखडतात, खुबा फिरला नाही की सगळं काम हात आणि खांदे करतात, आणि उजव्या हातानं खेळणाऱ्याचा बॉल मग उजवीकडं पळतो. उशिराच्या होलवर दुसरी गोष्ट होते ती पायांची. मांड्या दमल्या की खाली येताना माणूस नकळत उभा राहतो, क्लब बॉलच्या डोक्याला लागतो, आणि सोबतचा म्हणतो डोकं वर केलंस. डोकं नाही ओ, पाय! मी स्वतः जिना चढणं आणि खुर्चीतून हात न लावता उठणं एवढंच करते, जिमला जात नाही. आणि अंतराचा हट्ट सोडलाय. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक लांब मारणाऱ्यांत नव्हतीच, तरी चौथी आली. आपण कशाला प्रत्येक होलला जोर काढायचा?

काळंरान : मंगळवेढ्याकडं आमचं रान आहे, ज्वारी निघाली की मोकळंच असतं. नांगरटीच्या आधी एक पट्टा सपाट करून घेतो, त्यावर फक्कीची रेघ मारतो आणि बॉल न ठेवता रेघेवर क्लब फिरवतो. माती रेघेच्या पुढं उडाली पाहिजे. मागं उडायला लागली म्हणजे वजन मागच्या पायावर राहिलं. गच्चीवर मॅट टाकून मारण्यापेक्षा हे बरं, मॅटवर क्लब आधी टेकला तरी घसरून बॉलला लागतो आणि वाटतं मस्त लागला. दमल्यावर मुद्दाम करतो, रानात काम झाल्यावर. ताज्या अंगानं रेघ कुणालाबी जमते.

निवृत्तबँकर : माझं वय पाहता ताकदीचा प्रश्नच मिटलाय. बॉलच्या पुढं हात-दोन हातावर एखादं पान नाहीतर डाग धरायचा, त्या रेषेत उभं राहायचं, एकदा क्लब हलवायचा, मारायचं. अमेरिकेचे दिग्गज गोल्फर जॅक निकलस असंच जवळचं निशाण धरून खेळायचे. पहिल्या होलला जे करतो तेच सतराव्याला, त्यातलं काही गाळायचं नाही. घाई होते म्हणाल तर नियमातच एका फटक्याला चाळीस सेकंदांची शिफारस आहे, भरपूर झाले की. आणि राउंड चालू असताना स्विंगची दुरुस्ती काढायची नाही, ग्रिप बदल, कोपर बघ, हे सगळं घरी. पुण्यातल्या एका कॅडीनं (बॅग वाहणाऱ्या सोबत्यानं) सांगितलेलं मात्र पाळतो : बाराव्यानंतर सात नंबरचा क्लब वाटला की सहाचा घ्या साहेब, तो कमी जोरात तेवढंच लांब नेतो, आणि निवांत मारा.

पूर्वभागवाला : काका, सहा नंबरचं पटलं. पण घामाचं काय? एप्रिलमध्ये ग्रिप सटकते म्हणून मूठ आवळली जाते आणि मग ठोका गेलाच.

फिजिओताई : दोन ग्लोव्ह ठेवा, एक वाळत घालायचा बॅगेला बाहेरून. ग्रिप पुसायला आपल्याच घरचा टॉवेल न्या की, तुम्हाला काय कमी!

होटगीरोड : ताई, आम्हाला पण पाठवायला सांगा त्यांना. सवलतीत.